'मेड इन हेवन': मागे राहिलेल्यांनी पुरा केलेला अल्बम

नोव्हेंबर १९९५मध्ये 'क्वीन'चा 'मेड इन हेवन' बाजारात आला, तेव्हा या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी जाऊन चार वर्षं होत आली होती. हा त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. लोकांनी तो डोक्यावर घेतला, समीक्षकांत मात्र दुफळी माजली. तीन दशकं उलटल्यावर तो निवाडा पुन्हा तपासायला हवा.

फ्रेडी आपल्याला तसा परका नाही. झांझिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच पियानोवर बसला आणि १९५८ साली शाळूसोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. १९७० साली लंडनमध्ये 'क्वीन' उभा राहिला. सुरुवातीची त्यांची सगळी मिजास ग्लॅम रॉकची: झगमगीत कपडे, रंगवलेली नखं, नाटकासारखा मंच.

फ्रेडीच्या हयातीतला शेवटचा अल्बम 'इन्युएंडो', फेब्रुवारी १९९१चा. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तो तेवढा वर गेला नाही. गायक किती आजारी आहे, हे बाहेर कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं. २३ नोव्हेंबरला त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. मग त्याच अल्बममधलं 'द शो मस्ट गो ऑन' लोक निरोपाचं गाणं म्हणून ऐकू लागले.

शेवटच्या महिन्यांत स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी जमेल तेवढं गाऊन ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. बँडचा गिटारवादक ब्रायन मे ओळी लिहून हातात द्यायचा, फ्रेडी त्या तिथल्या तिथे गायचा. 'मदर लव्ह' हे गाणं असंच घडलं. शेवटचं कडवं राहिलं. नंतर येऊन गातो म्हणाला, पण पुन्हा आला नाही. अल्बममध्ये ते कडवं मे गातो. आवाज बदलतो तो क्षण लपवलेला नाही. एवढं गाणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचा साधा, हळवा आवाज येतो आणि काळजात चर्र होतं.

बाकी गाण्यांची सामग्री ठिकठिकाणची. शीर्षकगीत आणि 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' ही दोन फ्रेडीच्या १९८५च्या एकल अल्बममधली. बँडने त्यांना नवी वाद्यसाथ दिली. काही समीक्षकांना अल्बम रुचला नाही. ब्रिटनच्या 'एनएमई' साप्ताहिकाने अल्बमला अभिरुचीहीन ठरवून झोडपलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्याचा आरोप अशा कामावर नेहमीच होतो. उलट काहींना तो 'इन्युएंडो'पेक्षा सरस वाटला. ब्रिटनमध्ये हाही पहिल्या क्रमांकावर पोचला.

खानदेशच्या वाचकाला मरणोत्तर कामाचा हा प्रश्न नवा वाटू नये. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१मध्ये गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी त्यांच्या ओव्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या कागदपत्रांसाठी तिथेच संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचा धातुकोश निधनानंतर प्रसिद्ध झाला. मागच्यांनी हात लावला नसता, तर जळगाव-धुळ्याचं हे धन घरातच राहिलं असतं.

म्हणून मरणोत्तर काम काढलंच का, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. विचारायचं ते एवढंच: मागच्यांनी मूळ माणसाशी इमान राखलं का? या कसोटीवर जुन्या एकल गाण्यांचा नवा साज मला अनावश्यक वाटतो. तिथे टीका रास्त ठरते. पण 'मदर लव्ह' आणि फ्रेडीने माँत्रोच्या सरोवरावर लिहिलेलं 'अ विंटर्स टेल' ही दोन गाणी 'क्वीन'च्या उत्तम कामात धरावी लागतात. १९९५च्या टीकाकारांनी अख्ख्या अल्बमला एकाच मापाने मोजलं, तिथे ते चुकले.