क्लॅडिंगचा करार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला, इतर कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणेच, नवी इमारत उभी राहिली की दर्शनी बाजूवर हात सैल सोडला जातो. दुकानाच्या गाळ्यांना एसीपी (ॲल्युमिनिअम कॉम्पोझिट पॅनेल) शीट, बंगल्याला एलिव्हेशन टाइल, कार्यालयाच्या प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट. आरसीसीच्या कामात स्टीलचा हिशेब किलोवर ठेवला जातो, सिमेंटच्या रिकाम्या गोण्याही मोजल्या जातात. क्लॅडिंगची, म्हणजे या दर्शनी आवरणाची, वेळ येईपर्यंत मात्र मालकाचे पैसे आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. मग व्यवहार एका कोटेशनवर उरकतो : ‘ग्रॅनाइट लावणे, मटेरियलसह, दर चौरस फुटास इतके रुपये.’

दगड किती जाडीचा, तो कशाने धरायचा, सांधे किती ठेवायचे, मापे कशी घ्यायची, पाच वर्षांनी तुकडा निखळला तर कोणाला बोलवायचे, यातले काहीच त्या ओळीत नसते. पुढचे बहुतेक वाद न लिहिलेल्या याच गोष्टींवरून होतात, आणि त्यांच्या मुळाशी काही पक्के रुजलेले गैरसमज असतात.

गैरसमज : क्लॅडिंग ही शोभेची गोष्ट. तिचा इमारतीच्या मजबुतीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : ग्रॅनाइटचा एक घनमीटर सुमारे २,६५० किलो भरतो. म्हणजे २० मिलिमीटर जाडीच्या लादीचे वजन दर चौरस मीटरला ५३ किलोच्या आसपास जाते. मागे २० मिलिमीटर मसाला भरला तर त्यात आणखी चाळीसेक किलो मिळवावे लागतात. हजार चौरस फुटांच्या दर्शनी भिंतीवर हा बोजा जवळजवळ ९ टन होतो. इमारतीचा आराखडा करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने हे वजन धरले होते का, हा प्रश्न करारावर सही होण्याआधीच विचारायला हवा.

वारा हा दुसरा भार. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) या शहरांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. कर्जतचा मुलूख याच पट्ट्यातला. या वेगाचा साधा हिशेब केला तर दर चौरस मीटरला सुमारे ९० किलोचा दाब निघतो. इमारतीची उंची आणि भोवतालची जागा पाहून इंजिनिअर तो कमी-जास्त करतो. वारा भिंतीवर नुसता आदळत नाही, तर इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि गच्चीच्या कडेला आवरण बाहेर ओढतो, आणि ही ओढ मधल्या भागापेक्षा तिथे जास्त असते. कोपऱ्यातल्या पट्ट्या आधी सुटतात त्यामागे हेही कारण असते. म्हणून कोपऱ्यांवर आणि वरच्या कडेला पकडी किती जवळ घ्यायच्या, हे करारात वेगळे नमूद करावे लागते.

गैरसमज : ही मोठ्या शहरांची नवी टूम आहे. आपल्याकडे असले काही नव्हते.

वस्तुस्थिती : दख्खनच्या बांधकामात दर्शनी थर आणि आतली भिंत हा भेद जुनाच आहे. सतराव्या शतकात उभा राहिलेला छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहिला तरी ते कळते. त्याच्या मुख्य वास्तूला खालच्या भागात आणि घुमटाला संगमरवर आहे. मधला बराचसा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर घोटीव गिलावा केलेला आहे.

आपल्या गावांतल्या जुन्या जाड भिंतींनाही बाहेरून घडीव दगडाचा थर असतो, आतून दुसरा, आणि मध्ये माती व चिपांचे भरण. दोन थर एकमेकांत न गुंतवता बांधले तर काय होते, ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात पाहिले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. जाड दगडी भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले आणि वरची मातीची जड धाबी खाली आली. अशा कमकुवत दगडी बांधकामासाठीचे भारतीय मानक, आयएस १३८२८, सांगते की भिंतीच्या पूर्ण जाडीइतका आरपार दगड दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवे अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त न ठेवता बसवावा. बाहेरचा थर आतल्या भिंतीला कशाने बांधला आहे, हा प्रश्न आजच्या क्लॅडिंगलाही तितकाच लागू आहे. आरपार दगडाच्या जागी आता स्टेनलेस स्टीलची पकड आली आहे, एवढाच फरक.

गैरसमज : सिमेंटचा लगदा लावून टाइल दाबली की काम झाले.

वस्तुस्थिती : जुन्या टाइल पाणी शोषत, त्यामुळे सिमेंट त्यांना धरून ठेवी. व्हिट्रिफाइड टाइल आणि पॉलिश केलेले ग्रॅनाइट जवळजवळ पाणी पीत नाहीत, म्हणून सिमेंटची पकड त्यांच्या पाठीवर नीट बसत नाही. त्यासाठी वेगळे ॲडेसिव्ह लागते. त्याचे मानक आयएस १५४७७ असून २०१९ च्या आवृत्तीत त्याचे प्रकार क्रमांकाने दिले आहेत. गोणीवर ‘टाइप’ पुढे जो आकडा छापलेला असतो तो हाच. करारात नुसते ‘ॲडेसिव्हने लावणे’ असे लिहिले तर आतल्या भिंतीसाठीचा स्वस्त प्रकार बाहेर वापरला जाऊ शकतो, आणि तक्रारीला जागा उरत नाही. प्रकाराचा क्रमांक लिहिला की प्रश्न मिटतो.

तपासणीही करारातच लिहावी. काम झाल्यावर लाकडी हातोडीने किंवा नाण्याने प्रत्येक लादी वाजवून पाहतात. मागे मसाला पूर्ण भरला असेल तर आवाज टणक येतो, पोकळी असेल तर लादी बद्द वाजते. नेहमी फसतात ते कोपरे. गवंडी मधोमध चार-पाच गोळे ठेवून लादी दाबतो, कोपऱ्यांखाली हवा राहते, पावसाचे पाणी तिथे साठते. बद्द वाजलेली लादी ठेकेदाराने स्वखर्चाने काढून पुन्हा लावायची, हे वाक्य करारात असेल तर परांची उतरण्याआधीच काम सुधारून घेता येते. परांची उतरल्यावर त्याच दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो.

मोठ्या आणि जड लाद्यांना, उंचावर, नुसते चिकटवणे पुरत नाही. तिथे यांत्रिक पकड लागते.

गैरसमज : ‘उत्तम प्रतीचे साहित्य’ असे लिहिले की दर्जाची हमी मिळाली.

वस्तुस्थिती : ‘उत्तम’ मोजता येत नाही. मोजता येईल असे कसे लिहायचे, याचा धडा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरपत्रकात मिळतो. ड्राय क्लॅडिंगच्या, म्हणजे मसाल्याशिवाय पकडींवर बसवलेल्या दगडाच्या, बाबीत दगडाची जाडी ३० मिलिमीटर, आकार १ मीटर बाय १ मीटरपर्यंत, काम १० मीटर उंचीपर्यंत, असे आकडे येतात. स्टीलची चौकट आणि पकडी यांचे पैसे वेगळे, हेही तिथेच स्पष्ट केलेले असते. पकडीची बाब स्वतंत्र आहे, आणि नट, बोल्ट, वॉशरसह तिचे वजन २६० ग्रॅमपेक्षा कमी नको अशी अट त्यात आहे. पकड दगडामागे कायमची झाकली जाते. तिचे वजन साध्या काट्यावर करून पाहायची संधी दगड चढण्याआधीच मिळते.

खासगी मालकालाही हे करता येते. दगडाचा किंवा टाइलचा नमुना, त्यावर दोघांच्या सह्या, आणि भिंतीवर आधी चार-सहा लाद्यांचा नमुना-तुकडा. तो पसंत पडल्यावरच पुढचे काम. ‘अमुक किंवा समकक्ष’ असे लिहायचे असेल तर समकक्ष कोण ठरवणार हेही लिहावे.

गैरसमज : चौरस फुटाचा दर ठरला म्हणजे रक्कम ठरली.

वस्तुस्थिती : दराइतकेच महत्त्व मापाच्या पद्धतीला आहे. ३० फूट रुंद आणि २४ फूट उंच दर्शनी भिंत घ्या. एकूण माप ७२० चौरस फूट. तिच्यात १० बाय ८ फुटांची दोन शटर आणि ४ बाय ४ च्या चार खिडक्या असतील तर २२४ चौरस फूट वजा होतात आणि ४९६ उरतात. एकतीस टक्क्यांचा फरक. ठेकेदार म्हणतो, खिडकीच्या आतल्या बाजूंनाही दगड लावला, कापकाम वाढले, तेव्हा वजावट नको. मालक म्हणतो, जिथे दगड नाही तिथले पैसे कसले? दोघांचेही म्हणणे खोटे नसते.

मोजणीच्या आयएस १२०० मानकात गिलाव्यासाठी असा नियम आहे : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघाडीला एकाच बाजूची वजावट, आणि कडांचे माप वेगळे धरायचे नाही. तीनपेक्षा मोठ्या उघाडीची दोन्ही बाजूंची वजावट, पण कडांचे माप मिळवायचे. हा नियम दगडाला किंवा एसीपीला आपोआप लागू होत नाही. म्हणून क्लॅडिंगच्या करारात तीन गोष्टी शब्दांत हव्यात : उघाडी वजा करायच्या की नाहीत, कडांचे माप फुटांवर की चौरस फुटांवर, आणि चौकट, परांची, सिलिकॉन, वाया जाणारा तुकडा हे दरात धरले आहे की वेगळे.

गैरसमज : एसीपी ॲल्युमिनिअमची असते. ती पेटत नाही.

वस्तुस्थिती : एसीपीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनिअमचे पातळ पत्रे असतात. त्यांच्या मधल्या थरात साधे पॉलिथिलीन असेल तर ते जळते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला आग लागली. एका सदनिकेतून निघालेली ज्वाला अशाच आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे मेली. त्या इमारतीच्या नूतनीकरणात आधी जस्ताचे आवरण ठरले होते. ते बदलून स्वस्त एसीपी घेतल्याने सुमारे २ लाख ९३ हजार पौंड वाचणार होते. करारातल्या साहित्याच्या बदलाकडे किती बारकाईने पाहावे लागते, याचे याहून भयंकर उदाहरण सापडणे कठीण.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ काचेच्या दर्शनी आवरणासाठी बजावते की मजल्याचा स्लॅब आणि आवरण यांच्यातली फट स्लॅबइतकाच अग्निरोध असलेल्या साहित्याने बंद करावी. नाहीतर तीच फट धुराला आणि ज्वाळांना एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट होते. अग्निशमन दलासाठी उघडता येतील अशी तावदानेही ती मागते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली नगरपंचायतींच्या हद्दीतही लागू आहे, आणि सुरक्षेच्या बाबतीत ती याच संहितेचा आधार घेते. दुकानाच्या एसीपीसाठी करारात मधल्या थराचा प्रकार, त्याचा चाचणी अहवाल, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय साहित्य बदलायचे नाही ही अट, इतके तरी हवे.

गैरसमज : कर्जतला पाऊस कमी. सांध्यांची आणि पाण्याची एवढी काळजी कशाला?

वस्तुस्थिती : पर्जन्यछायेतल्या या भागात वर्षाचा पाऊस कमी असला तरी सप्टेंबरच्या आसपासच्या सरी जोराच्या असतात, आणि उन्हाळाभर तापून फुगलेल्या सांध्यांची परीक्षा त्या घेतात. तीन मीटर लांब ॲल्युमिनिअमची शीट पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापली तर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढते. तेवढी जागा सांध्यात नसेल तर शीट फुगते किंवा स्क्रू ओढला जातो. सांध्याची रुंदी आणि भरायच्या सिलिकॉनचा प्रकार लिहून घ्यावा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. बोअरचे खारट पाणी मसाल्यात गेले तर दगडावर आणि सांध्यांवर पांढरा खार फुटतो. पाणी कोणते वापरायचे, त्याची तपासणी कोणी करायची, आणि गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, या साध्या अटी टंचाईच्या तालुक्यात सर्वांत आधी मोडल्या जातात. टँकरचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेले नसते, एवढेच त्याचे कारण.

गैरसमज : तोंडी व्यवहार कायद्यात चालत नाही, आणि ठेकेदाराने एक वर्ष म्हटले म्हणजे हमी एकच वर्ष.

वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असू शकतो. अडचण पुराव्याची असते. कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बँकेतून दिलेले हप्ते यांना महत्त्व येते ते त्यामुळेच.

हमीचे नियम व्यवहारानुसार बदलतात. बिल्डरकडून सदनिका घेतलेल्यांना रेरा कायद्याचे कलम १४ संरक्षण देते : ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि तालुक्याच्या गावात असे छोटे प्रकल्पच जास्त. स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो, कारण त्यातल्या सेवेच्या व्याख्येत घरबांधणी येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. धंद्यासाठी बांधलेल्या गाळ्यांच्या मालकाला मात्र ही वाट सहसा मिळत नाही. त्याचा सगळा भरवसा करारातल्या दोषदायित्वाच्या कलमावर.

त्या कलमात मुदत, दोष कळवण्याची पद्धत, दुरुस्तीचे दिवस आणि राखून ठेवायची रक्कम असावी. काम मार्चमध्ये संपले आणि सगळे बिल मार्चमध्येच चुकते झाले, तर गळती दिसायच्या आत ठेकेदार दुसऱ्या गावी लागलेला असतो. बिलाचा ठरावीक भाग राखून ठेवून तो परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर, भिंत आतून तपासून द्यायचा, असे दोघांनी सुरुवातीलाच लिहून घ्यावे. त्या शेवटच्या हप्त्याबरोबर ठेकेदाराकडून साहित्याची बिले, ॲडेसिव्ह आणि सिलिकॉनचे प्रकार, पकडींच्या जागा दाखवणारे रेखाचित्र आणि त्याच लॉटमधल्या चार-सहा जादा लाद्या घेऊन ठेवाव्यात, कारण पुढे एखादी लादी फुटली तर तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही.