प्रकाशाच्या सहापट वेगाचं कोडं

१९१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना एम-८७ या दीर्घिकेच्या छायाचित्रात एक सरळ, बारीक रेघ दिसली. दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली ती रेघ म्हणजे विद्युतभारित कणांचा सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं लांबीचा झोत. त्याच्या मुळाशी आहे साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर. २०१९ मध्ये जगाने छायाचित्रात सावली पाहिली, ती याचीच.

हबल दुर्बिणीने १९९४ ते १९९८ या काळात या झोतातल्या तेजस्वी गाठी किती सरकतात ते टिपलं. काहींचा वेग निघाला प्रकाशाच्या सहापट! मग आइन्स्टाइन चुकले का?

नाही. असं दिसू शकेल, हे मार्टिन रीस यांनी १९६६ मध्येच गणिताने दाखवलं होतं. कल्पना करा, सैन्य निघाल्याचा सांगावा घेऊन जासूद धावत सुटतो आणि सैन्यही जवळपास त्याच्याच वेगाने मागोमाग येतं. जासूद वेशीत पोचतो न पोचतो तोच सैन्यही दारात हजर. गावाला वाटतं, एवढी मजल इतक्या झटपट कशी मारली?

इथे जासूद म्हणजे प्रकाश. समजा, एक गाठ प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने, किंचित तिरकी, आपल्या दिशेने येते आहे. दहा वर्षांत ती आपल्याकडे ९.८ प्रकाशवर्षं सरकते आणि बाजूला १.४. आता तिच्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला ९.८ वर्षं कमी लागतात. म्हणून दहा वर्षांचा हा प्रवास आपल्याला जेमतेम अडीच महिन्यांत उरकलेला दिसतो. अडीच महिन्यांत १.४ प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशाच्या सातपट वेग!

भास असला तरी त्यातून खरा वेग कळतो. सहापट दिसायला गाठीचा वेग प्रकाशाच्या किमान ९८.६ टक्के असावाच लागतो. कृष्णविवराच्या सीमेबाहेर पिळवटलेली चुंबकीय क्षेत्रं कणांना असं भिरकावतात. मात्र पुढचा प्रत्येक अंश महाग पडतो. ९९ टक्के वेगाला कणाची ऊर्जा स्थिर असतानाच्या सातपट होते, ९९.९९ टक्क्यांना सत्तरपट, आणि शंभर टक्क्यांसाठी ती अनंत लागते. साडेसहाशे कोटी सूर्यांचं बळ पाठीशी असूनही जी वेस ओलांडता येत नाही, ती किती पक्की आहे, हे कर्टिस यांना दिसलेली ती बारीक रेघ आपल्याला सांगते.