चक्कर मानेची नव्हे, कानाची

चक्कर आली की आपल्याकडे पहिला संशय बीपीवर, दुसरा पित्तावर आणि पन्नाशी उलटली असेल तर तिसरा मानेच्या मणक्यावर. एक्स-रेत मणके झिजलेले दिसतात, कारण त्या वयात ते बहुतेकांचे झिजलेलेच असतात. मग गळ्यात पट्टा येतो आणि खरं कारण तसंच राहतं.

कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना खोली गरगर फिरते आणि मिनिटाभरात थांबते, ती चक्कर बहुधा अंतर्कर्णातून आलेली असते. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं हलवताच आतला द्रव ढवळतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डॉक्टर याला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात.

‘चकरेची गोळी घेतली की झालं’ हा मानेच्या संशयाहून पक्का गैरसमज. गोळीने मळमळ कमी होते, खडे जागेवर जात नाहीत. त्यासाठी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉ. जॉन एप्ली यांनी शोधलेली युक्ती आहे. 1992 साली त्यांनी ती सविस्तर प्रसिद्ध केली. डोकं दोष असलेल्या कानाकडे 45 अंश वळवून रुग्णाला झटकन उताणं निजवतात, मान पलंगाच्या कडेखाली किंचित झुकते. मग डोकं दुसऱ्या बाजूला, मग नाक जमिनीकडे येईल असं कुशीवर, शेवटी उठवून बसवतात. दर स्थितीत अर्धा-एक मिनिट. एक-दोन वेळांत बहुतेकांना आराम पडतो. मात्र दोष कोणत्या कानात आहे, हे डॉक्टरांनी आधी डोळ्यांची हालचाल पाहून ठरवायला हवं. व्हिडिओ बघून चुकीच्या बाजूने केलेल्या व्यायामाचा उपयोग नाही.

विश्रांतीचंही तसंच. तोलाच्या नसेला सूज येऊन चक्कर आली, तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस पडून राहणं आणि गोळ्या ठीक. पुढेही पडूनच राहिलं तर मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घेत नाही. नजर अंगठ्यावर खिळवून डोकं डावी-उजवीकडे हलवण्यासारखे व्यायाम इथे खरं औषध ठरतात. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन या चकरेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने वृद्धांचे हात कापू लागतात, हालचाली मंदावतात. ते म्हातारपण समजून सोडून देऊ नका.

मेनियरचा आजार वेगळा: चकरेसोबत कानात गुणगुण, दडा, कमी ऐकू येणं. त्यात आहारातलं मीठ कमी करणं, औषधं, गरज पडल्यास पडद्यातून मध्यकर्णात इंजेक्शन, शस्त्रक्रिया क्वचितच.

चकरेबरोबर जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे वाटले किंवा उभंच राहवेना, तर पक्षाघाताची शंका धरून तडक रुग्णालय गाठा.