भेगाळलेली जमीन आणि खनिज तेल

वैशाखांत शहापूर-मुरबाडकडील खाचरांतून चालतांना पाऊल जपून टाकावें लागतें. भात आणि त्यामागून घेतलेला वाल निघाला कीं काळी जमीन जागोजाग फाटते. आषाढांत तीच फुगून मिटते आणि पाणी धरून ठेवते. शेजारच्या उतारावरील तांबड्या वरकस जमिनीस, जेथें नाचणी-वरी होते, ही खोड फारशी नाहीं. कातळ दोहोंखालीं एकच, माहुली किल्ल्याचा तोच. मातींतील खनिजें मात्र निराळीं.

काळ्या मातींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज मुख्य असतें. त्याचे पापुद्रे वहीच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेले असून पाणी त्यांच्यामध्यें शिरतें व त्यांना दूर लोटतें. केओलिनाइट ह्या दुसऱ्या खनिजाचीं पानें परस्परांस घट्ट धरून असतात. तेथें पाण्यास थारा नाहीं. चिकणमाती हा एकवचनी शब्दच मुळीं फसवा आहे.

आतां तेलाशीं ह्याचा संबंध काय? १९६० सालीं गुजराथेंत अंकलेश्वरास तेल लागलें. (त्या प्रदेशाच्या तळाशींही आपल्या सह्याद्रीचाच कातळ आहे.) तें तेल एखाद्या भूमिगत तळ्यांत नसून वालुकाश्माच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रांत असतें. अशा छिद्रांस फुगणारी माती चिकटलेली असली आणि गोडें पाणी आंत गेलें, तर आषाढांतील भेगांप्रमाणें वाटा मिटतात. तेल जागच्या जागीं राहतें, आणि मोठ्या खर्चानें खोदलेली विहीर आटल्यासारखी दिसते. मिटलेली वाट पुन्हां मोकळी करणें फार कठीण. म्हणून पाण्यांत आधींच पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. त्यानें पानें आवळून राहतात. केओलिनाइट फुगत नाहीं, पण वेगानें वाहणाऱ्या द्रवाबरोबर त्याचे कण सुटून अरुंद वाटांना बूच बसवितात. तेथें क्षार पुरत नाहीं, प्रवाहाचा वेगही आवरावा लागतो. तेव्हां माती कोणती, हें अगोदर ठाऊक हवें.

हे कण मिलिमीटरच्या ५०० व्या भागाहूनही लहान. साध्या भिंगाचें येथें कांहीं चालत नाहीं. खडकांतील बारीक कण वेगळे काढून कांचेवर पसरतात व त्यांवर क्ष-किरण सोडतात. किरण कोणत्या कोनांत परततात ह्यावरून पानापानांतील अंतर कळतें. तें मोजण्याचें माप अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. केओलिनाइटमध्यें अंतर ७ अँगस्ट्रॉम, मॉन्टमोरिलोनाइटमध्यें बहुधा १२ ते १५. मग नमुन्यास ग्लायकोलची वाफ देतात. केओलिनाइट ढिम्म राहतें. मॉन्टमोरिलोनाइट १७ पर्यंत फुगून स्वतःच आपलें नांव सांगतें.

गंमत अशी, कीं तेलाच्या वाटा बुजविणारी हीच माती बेंटोनाइट ह्या नांवानें कच्छांतून मुद्दाम खणून काढतात. पाण्यांत कालविली कीं तिचा दाट राडा होतो. विहीर खोदतांना तो खडकाचा चुरा वर आणतो आणि भिंतीस लेपही देतो.