वजाबाकीने सापडणारे घर्षण



भाषेच्या अध्यापकाने इंजिनातील घर्षणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मराठी शाळेत शिकलेल्याला शास्त्रही मराठीत सांगता यावे, असे मी मानतो. शिवाय या विषयाच्या मुळाशी प्रामाणिक मोजणीचा प्रश्न आहे.

इंधन जळाले की वायूचा दाब पिस्टनला ढकलतो. पिस्टनला मिळणारी ही ‘दर्शित शक्ती’. फिरत्या दांड्यावर प्रत्यक्ष हाती येते ती ‘गतिरोध शक्ती’. पहिलीसाठी दाबाचा आलेख काढण्याची युक्ती जेम्स वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी वाफेच्या इंजिनावर १७९६ मध्ये योजली. दुसरीसाठी फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये गतिरोधक रचला. दोहोंतील अंतर पिस्टनच्या कड्या, बेअरिंगे, झडपा, तेलाचा पंप यांत खर्ची पडते. नेहमीच्या रीतीत घर्षण असे वजाबाकीनेच हाती येते.

चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची ‘मोर्स चाचणी’ पाहा. समजा, गतिरोध शक्ती ४२ किलोवॉट आहे. एका सिलिंडरची ठिणगी तोडली आणि भार कमी करून फेऱ्यांचा वेग पूर्ववत आणला, आता २९.५ उरले. त्या सिलिंडरचा वाटा १२.५ झाला. चारही सिलिंडरांचा तेवढाच आला, तर बेरीज ५० आणि घर्षण ८.

खरी मेख पुढेच आहे. ५० व ४२ या आकड्यांत एकेक टक्क्याची चूक परस्परविरुद्ध दिशांनी झाली, तर उत्तरात ०.९२ ची, म्हणजे साडेअकरा टक्क्यांची चूक शिरते.

दुसरी रीत म्हणजे इंधन न जाळता विजेच्या मोटरीने इंजिन फिरवून लागणारी शक्ती मोजणे. पण तेव्हा ज्वलनाचा दाब नसल्याने कड्या भिंतीवर तितक्या दाबल्या जात नाहीत, इंजिन थंड पडते, आणि वायू आत ओढण्याचा व बाहेर टाकण्याचा खर्चही त्याच आकड्यात मिसळतो. सिलिंडरचे अस्तर सुटे ठेवून त्यावर येणारे घर्षणबल थेट मोजता येते. मात्र ते पिस्टन आणि कड्यांपुरतेच.

पोथीतील पाठ देताना तो कोणत्या प्रतीतला, हे आम्ही भाषेची माणसे आवर्जून नोंदवतो. घर्षणाच्या आकड्याशेजारीही तो काढण्याची रीत लिहिलेली असावी. तिच्यावाचून दोन इंजिनांची तुलना करणे व्यर्थ होय.