दान घ्या, मालकी देऊ नका

गेल्या महिन्यात एका रविवारी बोरीवली पूर्वेच्या एका वस्तीतील सहा तरुण आमच्याकडे आले. जय भीम झाला, चहा झाला आणि त्यांनी दोन पानांचा एक कागद आमच्यापुढे ठेवला. वस्तीत त्यांचा फुटबॉलचा संघ आहे. मंडळ रीतसर नोंदलेले आहे. घरटी वर्गणी काढून स्पर्धेची प्रवेश फी भरायची, एकाचे बूट दुसऱ्याने घालायचे, मैदान मोकळे मिळेल तेव्हा पहाटे सराव करायचा, असा त्यांचा कारभार. आता एक धनवान गृहस्थ पुढे आले आहेत. तीन वर्षे गणवेश, बूट, प्रशिक्षकाचा पगार, प्रवासखर्च सगळे ते करणार. अट एवढीच की, संघाला त्यांच्या फर्मचे नाव द्यायचे, नऊ जणांच्या कार्यकारिणीत पाच माणसे त्यांची घ्यायची आणि संघाचा व्यवहार त्यांच्या नव्या कंपनीकडे सोपवायचा.

"सर, सही करू का?" त्यांच्यातला एकजण म्हणाला. "चार वर्षे फाटक्या बुटांनी खेळतोय."

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. फाटक्या बुटांनी खेळणाऱ्या पोराला तत्त्वज्ञान सांगणे सोपे असते. म्हणून विचार करून उत्तर द्यायचे ठरवले. हा प्रश्न त्या सहा जणांपुरता नाही, आपल्या प्रत्येक वस्तीतील प्रत्येक मंडळाचा आहे, म्हणून ते उत्तर येथे जाहीरपणे मांडत आहोत.

काही वाचक म्हणतील, चळवळीच्या पानावर फुटबॉल कशाला? त्यांनी पळवणकर बाळू आठवावेत. चांभार समाजात जन्मलेला हा गोलंदाज आपल्या काळातला हिंदुस्थानातील सर्वोत्तम गोलंदाज होता. पुण्यात तो हिंदू संघासाठी बळी घेत होता, तेव्हा चहाच्या वेळी त्याला इतरांपासून दूर, बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळत होता. चेंडू त्याच्या हातात होता, पण क्लब त्याच्या हातात नव्हता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हा इतिहास वेगळा. पण चहाच्या त्या भांड्याचा धडा त्याने खोटा ठरत नाही. मैदानावर कोण खेळतो एवढ्याने भागत नाही. क्लब कोणाचा आहे, यावर कोणाला कोणत्या भांड्यात चहा मिळणार हे ठरते.

आता धनवानांच्या क्लबांचा आपल्या राज्यातला अनुभव पाहू. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० साली कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी हा संघ एस्सेल समूहाने २००७ साली काढला. २०१७ साली तो आय-लीगच्या तळाला गेला आणि संपला. पुण्यात अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ साली देशात दुसरा आला होता. २०१५ साली तोही गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळला. मग एफसी पुणे सिटी आला, तो २०१४ ते २०१९ टिकला. त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली आणि २०२५ साली तो हैदराबादचा संघही दिल्लीला हलवला गेला. गिरणीचा साचा एका गावातून उचलून दुसऱ्या गावात बसवावा, तसा हा प्रकार. तिकिटे काढणाऱ्या, घसा फोडून ओरडणाऱ्या पुण्याच्या पोरांना कोणी विचारले? विचारण्याची गरजच नव्हती, कारण कागदावर ती पोरे कोणीही नव्हती.

मोठ्यांचेही तेच. मुंबई सिटी एफसीमध्ये अबूधाबीच्या पैशावर चालणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ साली ६५ टक्के हिस्सा घेतला. संघाने अजिंक्यपदे मिळवली, हे मान्य केले पाहिजे. पण डिसेंबर २०२५ मध्ये, लीगचेच भवितव्य डळमळीत झाल्यावर, या ग्रुपने अंग काढून घेतले. आम्ही कोणाला खलनायक ठरवत नाही. भांडवलाचा तो धर्मच आहे. नफा किंवा नाव दिसते तोवर ते थांबते, नंतर निघून जाते. त्याला जायला जागा असते. वस्तीला जायला जागा नसते.

याच महाराष्ट्रात दुसरे एक चित्र आहे, ते कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आणि तालमींना आश्रय दिला. त्याच तालमींनी पुढे फुटबॉल उचलला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अख्खी पेठ मैदानावर येते. हे संघ कोणा एका शेठचे नाहीत. पेठेने ते वर्गणीवर, देणग्यांवर, उधारीवर पोसले. पुण्या-मुंबईतले कोट्यवधींचे क्लब दहा वर्षांत आले आणि गेले, पेठांच्या तालमी मात्र पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. १७ वर्षांखालील विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

पण आरती ओवाळणे हे आमचे काम नाही. कोल्हापुरातही नेत्यांच्या नावाचे चषक आले, मोठी बक्षिसे आली, परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ लागली, समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या. आणि मूळ प्रश्न उरतोच, की 'पेठेचा संघ' म्हणजे पेठेतल्या कोणाचा? सभासद वहीत आपल्या वाड्यातल्या पोरांची नावे आहेत काय? मुलींची आहेत काय? लोकांची मालकी म्हणताना लोक म्हणजे कोण, हे चळवळीच्या माणसाने विचारलेच पाहिजे. गावकीचीही मालकी 'गावाची'च होती आणि पाणवठाही 'गावाचा'च होता!

जगात हा लढा उघड चालू आहे. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लबच्या मालकांना २००२ साली क्लब दुसऱ्या शहरात नेण्याची परवानगी मिळाली. समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढून अगदी तळाच्या लीगपासून सुरुवात केली. २०११ साली ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये पोहोचले आणि २०२० साली आपल्या जुन्या भागात, स्वतःच्या मैदानावर परतले. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की, क्लबच्या कंपनीत गुंतवणूकदार आला तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत. त्याला काही अपवाद आहेत, पण नियम टिकून आहे. आपल्याकडे कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये २०२० साली एका उद्योगसमूहाने ८० टक्के हिस्सा घेऊन नावापुढे आपल्या जुन्या संघाची अक्षरे चिकटवली. समर्थकांनी तीन वर्षे निषेध केला, तेव्हा २०२३ साली ती अक्षरे काढावी लागली. नाव बदलले, हिस्सा मात्र आहे तिथेच आहे.

विरुद्ध बाजूचे उदाहरणही लपवता कामा नये. वेल्समधील रेक्सहॅम हा क्लब बुडायला आला तेव्हा २०११ साली समर्थकांनी ताब्यात घेतला आणि कर्जातून बाहेर काढला. मग त्याच समर्थकांनी मतदान करून तो दोन श्रीमंत नटांना दिला. २०२१ साली व्यवहार पूर्ण झाला आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षे क्लब वरच्या श्रेणीत गेला. मग पैसेवाला वाईट कसा? आमचे म्हणणे असे की, तो निर्णय सभासदांनी उघड मतदानाने घेतला. विकण्याचा अधिकारही मालकालाच असतो, आणि तिथे लोक मालक होते. उद्या त्या नटांचा उत्साह ओसरला तर काय, हा प्रश्न मात्र तिथेही शिल्लक आहे.

आता कायदा पाहू, कारण आमच्याकडे पोरे आली होती ती वकील म्हणून. कंपनीत माणसाला मत नसते, शेअरला मत असते. ज्याच्याकडे एक्कावन्न टक्के, त्याचा शब्द अखेरचा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील मंडळात सभासदाला मत असते, मग तो बिगारी असो की डॉक्टर. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की, राजकारणात एक माणूस एक मत येईल, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता कायम राहील आणि आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करू. वस्तीतले मंडळ ही अशी एक छोटी जागा आहे, जिथे ही विसंगती थोडी तरी मिटलेली असते. ती आपल्याच सहीने पुन्हा उघडायची काय?

शिवाय ती सही सहा जणांनी करून चालतही नाही. मंडळाचा उद्देश बदलायचा किंवा ते दुसऱ्या संस्थेत विलीन करायचे तर त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विशेष सभा घ्यावी लागते, तीन पंचमांश सभासदांची मते लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत ठराव पुन्हा मंजूर करावा लागतो. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही येते. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो आणि स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. कायद्याने लोकांच्या संस्थेभोवती कुंपण घातले आहे. अडचण एवढीच की, आपल्या मंडळांच्या सभासद वह्या अपूर्ण, सभा कागदोपत्री आणि हिशेब कोणाच्या तरी खिशात असतात. कुंपणाचे फाटक आपणच उघडे टाकतो. सहकारी साखर कारखान्यांतही एक सभासद एक मत होतेच, तरी मूठभर घराण्यांनी ते गिळले आणि पुढे कित्येक कारखाने लिलावात खाजगी मालकांकडे गेले. सभासद सभेला गेला नाही तर मताला अर्थ राहत नाही.

मग पैसा घ्यायचाच नाही काय? आम्ही असे म्हणत नाही. याचे उत्तर आमच्या बोरीवलीच्याच डोंगरात कोरलेले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापारी, गृहस्थ, भिक्खुणी यांनी लेणी दिली, पाण्याच्या पोढी दिल्या, अक्षयनिधी ठेवले. एका लेखात मंगलठाण गावचे शेत दिल्याचा उल्लेख आहे आणि ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे असे अभ्यासक मानतात. दात्याचे नाव दगडात कोरले गेले, दोन हजार वर्षे टिकले. पण विहार त्याचा झाला नाही. दान चारी दिशांच्या भिक्खुसंघाला होते. संघाने कोणाला प्रवेश द्यायचा, कसे वागायचे, हे दाता ठरवत नव्हता.

अलीकडचे उदाहरण घ्या. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या काळात ही केवढी मोठी रक्कम! पण त्या पैशामुळे 'मूकनायक' कोल्हापूर दरबारचे पत्र झाले नाही. देणाऱ्याने लगाम मागितला नाही आणि घेणाऱ्याने दिला नसता.

म्हणून त्या सहा तरुणांना आमचे उत्तर असे. शेठना नम्रपणे सांगा: गणवेशावर तुमचे नाव घालू, फलकावर घालू, जाहीर आभार मानू. संघाचे नाव वस्तीचेच राहील. कार्यकारिणी सभासदच निवडतील, तुम्हाला मत हवे असेल तर वर्गणी भरून सभासद व्हा, मत एकच मिळेल. पैसा मंडळाच्या बँक खात्यात चेकने येईल आणि हिशेब दर वर्षी सभेत वाचला जाईल. खेळाडूचा करार कोणाच्या कंपनीशी होणार नाही. एवढे मान्य असेल तर स्वागत आहे. नसेल तर त्यांना संघाला मदत करायची नव्हती, विकत घ्यायचा होता, हे उघड होईल.

आणि हा नियम फुटबॉलला लावता तर जयंतीलाही लावा. विहाराच्या कमानीवर, मिरवणुकीच्या फलकावर कोणाचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा असतो, हे डोळे उघडे ठेवून पाहा. तिथे गप्प बसणाऱ्याला मैदानावर मालकीची भाषा करण्याचा अधिकार नाही. हे आम्ही स्वतःलाही बजावत आहोत.

तरुण पुन्हा आले तेव्हा आम्ही हे सगळे सांगितले. एकाने विचारले, "सर, आणि शेठ नाही म्हणाले तर बूट?" प्रश्न खरा होता. वस्तीत नोकरीला लागलेली माणसे किती, हे आम्ही विचारले. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बोटे पुरली नाहीत. त्या प्रत्येकाच्या दारात सभासद वही घेऊन जा, असे आम्ही सांगितले. महिन्याला पन्नास रुपये आणि एक मत. येत्या रविवारी त्यांची सभा आहे. निर्णय तिथे होईल. आम्हाला सल्ला देण्यासाठी बोलावले आहे, मत देण्यासाठी नाही, कारण आम्ही त्या वस्तीचे सभासद नाही. आणि हेच बरोबर आहे.

जय भीम!