पाणी घेणारे पोलाद आणि न गंजणारे पोलाद

आमच्या वसतिगृहातील आमटीचे जाड पत्र्याचे स्टेनलेस स्टीलचे पातेले बुडाजवळ चिरले, म्हणून आम्ही ते वेल्डिंग करून सांधून घेतले. चिंच-मिठाची आमटी त्यात रोज उकळत असे. काही महिन्यांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे अंतर सोडून, तांबूस रेघा उमटल्या. सांधा मात्र स्वच्छ होता! धातूत भेसळ आहे असे म्हणून आम्ही विक्रेत्यास चार शब्द सुनावले. तो न्याय चुकीचा होता. कसा, ते येथे सांगावयाचे आहे.

लोहार कोयत्याला पाणी देतो, हे सर्वांस ठाऊक आहे. लालभडक पोलादात लोहाचे अणू अशा मांडणीत असतात की, कार्बन त्यांच्यामध्ये सहज सामावतो. या मांडणीस रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून ऑस्टेनाइट म्हणतात. पोलाद एकाएकी थंड केले, तर कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो कोंडला जातो आणि मांडणी ताणली जाते. हेच मार्टेन्साइट, आणि धारेचा कठीणपणा तो हाच. हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ साली शेफील्ड येथे सुमारे १३ टक्के क्रोमियम घालून जे पोलाद ओतले, ते याच जातीचे. सुऱ्यांना ते योग्य. ते पाणी घेते आणि चुंबकासही चिकटते.

भांड्यांचे पोलाद निराळे. त्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम व ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असते. निकेलमुळे ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही टिकून राहतो. म्हणून तापवून पाण्यात बुडविले तरी हे पोलाद कठीण होत नाही, उलट ठोकून ताठरलेले असल्यास मऊ होते. चुंबकही त्यास धरीत नाही. (दुकानात चुंबक घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, दाबून घडविलेल्या भांड्याचा काठ किंचित चिकटतो, कारण दाबाने तेथे थोडा मार्टेन्साइट होतो, आणि बरेचसे निकेल वगळून मँगेनीज घातलेले स्वस्त पोलादही चिकटत नाही. चुंबकाची साक्ष दोन्हीकडून कच्ची आहे.)

आता रेघांचे कारण. पोलाद घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता ते एकसंध नसून कणांचे बनलेले दिसते. गंजापासून रक्षण करतो तो क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागी बनलेला अदृश्य पापुद्रा. त्यासाठी निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. सांध्याजवळची पट्टी वेल्डिंगच्या वेळी ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळते. तेवढ्यात कार्बन कणांच्या सीमांकडे धावतो व क्रोमियमला धरतो. कार्बनचे सहा अणू क्रोमियमचे तेवीस अणू अडकवून बसतात! सीमेलगतचा भाग क्रोमियमला मुकतो आणि आम्ल व मीठ तेथेच शिरतात. पृथक्करण केले असते, तर क्रोमियम पुरे अठरा टक्केच भरले असते. माल खरा होता, मांडणी बिघडली होती.

असा धातू १०५० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड केल्यास ती संयुगे विरघळून क्रोमियम पुन्हा सर्वत्र पसरते. परंतु एवढे पातेले भट्टीत कोण घालणार? त्याहून सोपे म्हणजे मुळातच कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत ठेवणे, किंवा कार्बनला आधी धरून ठेवणारे टायटॅनियम मिसळणे. पातळ पत्रा लवकर निवतो, म्हणून घरच्या भांड्यांत हा दोष सहसा आढळत नाही.

आम्ही विक्रेत्याकडे जाऊन आपले शब्द मागे घेतले, आणि नव्या पातेल्यासाठी कमी कार्बनचाच पत्रा मागितला. तो हसला, पण भाव मात्र त्याने कमी केला नाही.